पुण्यात नवीन राहायला आलात? फिल्टर घ्यायच्या आधी पाणी तपासा

पुण्याच्या कडेच्या भागात, म्हणजे वाघोली, मांजरी, नऱ्हे, धायरी, आंबेगाव, सूस, कुठेही फ्लॅट घेतला किंवा भाड्याने राहायला आलात की पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो, फिल्टर कुठला घ्यायचा. शेजारी म्हणतात आरओच घ्या, इथलं पाणी जड आहे. ऑफिसातलं कुणीतरी म्हणतं आरओ अजिबात नको, सगळे क्षार निघून जातात. दुकानदार तर सगळं एकाच डब्यात देतो म्हणतो, आरओ प्लस यूव्ही प्लस यूएफ प्लस कॉपर प्लस अल्कलाइन. यातल्या एकानेही तुमच्या नळाचं पाणी बघितलेलं नसतं, म्हणजे पेशंट न तपासताच औषध लिहून दिल्यासारखं आहे.

मी सिंहगड रोडच्या पट्ट्यात राहते. २०२५ च्या जानेवारीत याच भागात, किरकटवाडी, नांदेड (इथलं गाव, जिल्हा नव्हे), धायरी, खडकवासला इकडे जीबीएसची (गुलेन-बॅरे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) साथ आली, पुणे परिसरात दोनशेच्या वर संशयित पेशंट झाले, काही जणांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला, काहींच्यात नोरोव्हायरस, आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं. तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर जे प्रश्न यायचे तेच आजही नवीन आलेले लोक विचारतात, म्हणून एकदा पहिल्यापासून लिहून काढते. पुण्याबाहेर राहत असाल तरी पायऱ्या ह्याच, फक्त पाण्यातला दोष वेगळा असेल, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

१. पाणी येतं कुठून ते आधी शोधा

वॉचमन, टँकरवाला किंवा सोसायटीचा सेक्रेटरी, तिघांपैकी कुणालाही विचारा, पण नीट विचारा. "कॉर्पोरेशनचं पाणी आहे" एवढ्या उत्तरावर थांबू नका. पुण्यात २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं महापालिकेत आली आणि त्यातल्या बऱ्याच भागात महापालिकेची लाइन अजून पुरेशी नाही, त्यामुळे एकाच टाकीत तीन प्रकारचं पाणी पडतं:

- धरणाचं पाणी. खडकवासला साखळीचं म्हणजे पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला. खराडी, वडगावशेरीकडे भामा आसखेडचं, पिंपरी चिंचवडला पवनेचं. हे पाणी मऊ असतं, क्षार कमी, डाळ पटकन शिजते.
- बोअरचं पाणी. आपल्याकडे खाली काळा पाषाण, बेसॉल्ट, त्यातून आलेलं पाणी बहुतेक ठिकाणी जड.
- टँकरचं पाणी. हे कुठलंही असू शकतं. महापालिकेच्या भरणा केंद्रावरचं, कुणाच्या तरी विहिरीचं, बोअरचं. उन्हाळ्यात एकाच आठवड्यात दोन वेगवेगळ्या ठिकाणचं येतं.

म्हणून विचारायचं ते असं: महापालिकेचं पाणी रोज येतं का दिवसाआड, बोअर कधी चालू करता, टँकर कुठल्या महिन्यांत लागतो, टँकर कुठून भरतो, आणि हे सगळं एकाच टाकीत जातं का वेगवेगळ्या.

आता एक गोष्ट जी बिल्डर सांगत नाही आणि प्लंबर विसरतो. बऱ्याच सोसायट्यांमध्ये किचनमध्ये दोन लाइनी असतात, एक पिण्याच्या पाण्याची आणि एक वापरायच्या पाण्याची. फिल्टर बसवणारा माणूस त्याला सोयीचा पडेल त्या नळाला टी (पाइपला फाटा काढायचा जोड) मारून मोकळा होतो. आमच्या विंगमध्ये एका घरी फिल्टर कित्येक महिने बोअरच्या लाइनवर चालत होता आणि त्या ताई म्हणायच्या आरओचं मेंब्रेन (आतला गाळणारा पडदा) सतत चोक का होतं. दोन्ही नळांचं पाणी वेगळ्या ग्लासात घेऊन टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा (मीटरबद्दल तिसऱ्या मुद्द्यात लिहिलंय), आकड्यात मोठा फरक असेल तर लगेच कळतं कुठला नळ कुठला. घर ताब्यात घेतानाच हे करून टाका, सिंकखाली पाइपवर मार्करने लिहून ठेवा.

२. टाकी आणि पाइप बघायला जाच

हा भाग लोक सोडून देतात आणि खरी गडबड इथेच असते. जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी बहुतेक वेळा ठीकच निघतं, त्यात क्लोरीन असतो. पण आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही. पाणी गेलं की पाइप रिकामा होतो, बाहेरच्या मातीत ओल असते, शेजारून ड्रेनेजची लाइन गेलेली असते, आणि पाइपला कुठे तडा किंवा ढिला जॉइंट असेल तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. नळाच्या लाइनला डायरेक्ट मोटार लावणारे लोक तर हे स्वतःच्या हाताने करतात, मोटार पाणी खेचते तशी घाणही खेचते, आणि त्याचा त्रास त्या गल्लीतल्या सगळ्यांना होतो. नळाला मोटार लावायला बंदी आहे ती फक्त दुसऱ्याचं पाणी कमी होतं म्हणून नाही, हेही कारण आहे.

मग पाणी अंडरग्राउंड टाकीत येतं. ही टाकी बघायला सकाळी उजेडात जा आणि एवढं बघा: झाकण घट्ट बसतं का, झाकणाचा काठ जमिनीपासून वर उचललेला आहे का (नसेल तर पार्किंग धुतलेलं पाणी आत जातं), ड्रेनेजचा चेंबर किती जवळ आहे, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आहे का. वरच्या टाकीवर कबुतरं बसतात का तेही बघा. टाकी धुतल्याची तारीख टाकीवर पेंटने लिहिलेली असायला हवी, सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर मीटिंगमध्ये विषय काढा. धुणं म्हणजे नुसतं पाणी उपसून गाळ काढणं नाही, भिंती घासून, ब्लीचिंगच्या पाण्याने धुवून, ते पाणी सोडून देऊन मग भरायची. आत माणूस उतरवत असतील तर बाहेर दुसरा माणूस थांबलाच पाहिजे आणि आधी टाकी उघडी ठेवून हवा खेळू द्यायला पाहिजे, बंद टाकीत गुदमरून माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो.

३. घरच्या घरी काय तपासता येतं

लागणारं सामान: टीडीएस मीटर (पेनासारखा असतो, दोनतीनशे रुपयांपासून मिळतो), क्लोरीन तपासायचं ओटी किट (स्विमिंग पूलच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाइन), एक काचेचा पारदर्शक ग्लास, एक वही.

ग्लासात पाणी घेऊन पांढऱ्या कागदासमोर धरा. गढूळ दिसतंय का, तळाला काही बसतंय का, वास कसला येतोय. क्लोरीनचा हलका वास आला तर नाक मुरडू नका, ते पाणी राखलेलं असल्याची खूण आहे. गटारासारखा किंवा कुजका वास आला तर पुढचं काहीही न वाचता ते पाणी प्यायचं बंद करा आणि थेट शेवटच्या मुद्द्यावर जा.

ओटी टेस्ट गावाकडे जलसुरक्षक करतात तीच. नळीत पाणी भरायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे, रंग किती गडद त्यावरून किती आहे ते डब्यावरच्या पट्टीवर बघायचं. नळापाशी निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर उरलेला क्लोरीन असला पाहिजे. रंगच आला नाही तर पाण्याला वाटेत जंतूंपासून काहीही संरक्षण नाही. तपासलेलं पाणी फेकून द्या, ते औषध विषारी असतं, मुलांच्या हाताला लागू देऊ नका. ही टेस्ट अंडरग्राउंड टाकीत पडणाऱ्या पाण्याची पण करा आणि किचनच्या नळाची पण, मग कळेल क्लोरीन रस्त्यात संपतोय का तुमच्या टाकीत.

टीडीएस मीटरबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. हा मीटर फक्त पाण्यात विरघळलेले क्षार किती एवढंच सांगतो, तेही अंदाजे. जंतू त्याला दिसत नाहीत. फ्लोराइड, नायट्रेट, कीटकनाशकं यातलं कुठलं किती हे त्याला कळत नाही. ड्रेनेज मिसळलेलं धरणाचं पाणी १५० दाखवेल आणि त्याने अख्खी बिल्डिंग आजारी पडेल, आणि ६०० दाखवणारं बोअरचं पाणी जंतूंच्या बाबतीत चांगलं असू शकेल. "टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध" असं कुणी म्हणालं तर तो माणूस तुम्हाला काहीतरी विकतोय.

आकडा आठवड्यातून एकदा वहीत लिहा, सोबत त्या दिवशी टँकर होता का बोअर तेही लिहा. विशेषतः मार्च ते जूनमध्ये. फिल्टर निवडताना हीच वही कामाला येते.

४. लॅबला नमुना द्या

फ्लॅट घेतला असेल किंवा दोनतीन वर्षं राहायचं असेल तर हे एकदा कराच. सोसायटीने मिळून केलं तर खर्च वाटला जातो. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली खाजगी लॅब, किंवा सरकारीमध्ये जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या लॅब असतात, पुण्यात राज्य आरोग्य प्रयोगशाळाही आहे. नमुना कधी घेतात आणि फी किती ते फोन करून विचारा, फी कुठकुठल्या तपासण्या सांगता त्यावर ठरते.

सोबत न्यायची माहिती: पत्ता, पाण्याचा स्रोत (बोअर, टँकर, महापालिका), नमुना कुठल्या नळाचा, तारीख आणि वेळ, आणि कुठल्या तपासण्या हव्यात त्याची यादी.

यादीत हे असू द्या: ई-कोलाय आणि कोलिफॉर्म (पाण्यात घाण मिसळल्याची खूण असणारे जंतू), गढूळपणा, पीएच, टीडीएस, जडपणा, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, क्लोराइड. बोअरजवळ कारखाना किंवा कचरा डेपो असेल तर जड धातूंचं वेगळं सांगा.

नमुना घेताना लोक घाई करतात आणि मग रिपोर्ट चुकतो. रासायनिक तपासणीला स्वच्छ प्लास्टिकची बाटली चालते, त्याच पाण्याने तीनदा खळखळून घ्या आणि भरा. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र लॅबकडूनच आणायची, ती निर्जंतुक असते आणि क्लोरीन मारणारं औषध तिच्यात आधीच घातलेलं असतं, ती धुवायची नाही. नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटने पुसा, दोनतीन मिनिटं पाणी वाहू द्या, मग बाटलीच्या आत बोट न लावता भरा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. आणि नमुना फिल्टरच्या आधीचा घ्या. फिल्टर आधीपासून असेल तर एक आधीचा, एक नंतरचा.

५. रिपोर्ट वाचायचा कसा

भारतात पिण्याच्या पाण्याचं मानक आहे आयएस १०५००. त्यात बहुतेक गोष्टींना दोन आकडे असतात, एक स्वीकारार्ह मर्यादा आणि एक दुसरं पाणी मिळतच नसेल तर चालवून घ्यायची मर्यादा.

- ई-कोलाय, कोलिफॉर्म: १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. इथे दुसरा आकडा नाहीच.
- टीडीएस: ५००, नाइलाज असेल तर २०००.
- जडपणा: २००, नाइलाजाने ६००.
- नायट्रेट: ४५. इथेही सवलत नाही.
- फ्लोराइड: १.०, नाइलाजाने १.५.
- गढूळपणा: १ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक), नाइलाजाने ५.
- पीएच: ६.५ ते ८.५.

(पीएच आणि गढूळपणा सोडून बाकी रासायनिक आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये.)

सगळ्यात आधी जंतूंची ओळ वाचा. तिथे आकडा असेल तर बाकी रिपोर्ट कितीही सुंदर असला तरी ते पाणी थेट प्यायचं नाही. मग नायट्रेट. खतं आणि सांडपाणी जमिनीत मुरून हे बोअरमध्ये येतं, त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. सहा महिन्यांच्या आतल्या वरच्या दुधावरच्या बाळाला हे फार धोक्याचं, रक्तातला ऑक्सिजन कमी होऊन बाळ निळं पडू शकतं. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. घरात तान्हं बाळ असेल आणि पाणी बोअरचं असेल तर ही एक तपासणी तरी करून घ्या, बाकी राहिलं तर राहिलं.

जडपणाबद्दल आपल्याकडे उगाच भीती आहे. कुकरमध्ये पांढरा थर, गिझरची कॉइल जाते, साबणाला फेस नाही, केस राठ होतात, तूरडाळ शिजता शिजत नाही, हे सगळं खरं. पण जड पाण्याने मुतखडा होतोच असं काही सिद्ध झालेलं नाही, जागतिक आरोग्य संघटनेने तब्येतीच्या कारणासाठी जडपणाची मर्यादा ठरवलेलीच नाही. चव आणि भांडी यांच्यासाठी उपाय करा, घाबरून नको.

पुण्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्याच्या किनवट भागात फ्लोराइड बघाच, लहान मुलांच्या दातांवर पिवळे तपकिरी डाग ही पहिली खूण. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा म्हणजे पूर्णा खोरं, तिथे टीडीएस हाच मुख्य प्रश्न. कोकणात जांभ्यातलं पाणी मऊ, पण लोह आणि विहिरीतले जंतू बघा. खेड्यात असाल तर ग्रामपंचायतीला लाल, पिवळं का हिरवं कार्ड मिळालंय ते विचारा, आरोग्य खात्याच्या पाहणीनंतर ते देतात आणि लाल म्हणजे धोका जास्त.

६. कुठलं यंत्र काय काढतं

सेडिमेंट फिल्टर: पांढरी दोऱ्याची किंवा स्पनची कँडल, माती आणि गंज अडवते, बाकी काही नाही. पण ही स्वस्तातली कँडल वेळेवर बदलली तर पुढची महागडी कँडल वाचते.

कार्बन: वास, क्लोरीन, काही कीटकनाशकं आणि रंग ओढून घेतो. क्लोरीन काढल्यामुळे पुढच्या पाण्याला राखण राहत नाही, म्हणून कार्बननंतर जंतू मारणारं काहीतरी हवंच, आणि जुना झालेला कार्बन स्वतःच जंतूंचं घर होतो.

यूव्ही: दिवा जंतू आणि विषाणू दोन्ही निकामी करतो. अट एकच, पाणी स्वच्छ पाहिजे. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणाआड लपतात. बोअरच्या जड पाण्याने दिव्याच्या काचेवर पांढरा थर चढतो आणि प्रकाश पोचत नाही, दिवा तर चालू दिसतो. वीज लागते. क्षार, नायट्रेट, फ्लोराइड यांना तो हात लावत नाही.

यूएफ: बारीक नळ्यांची जाळी, वीज लागत नाही, पाणी वाया जात नाही. जंतू अडवतो, सगळे विषाणू अडवेलच असं नाही. क्षार तसेच.

आरओ: पिण्याच्या या फिल्टरांपैकी यातूनच क्षार, जडपणा, नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक कमी होतं. पण साध्या घरगुती मशीनमध्ये एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीनएक लिटर नाल्यात जातं. चार माणसांच्या घरात पिणं आणि स्वयंपाक मिळून रोज १५ लिटर धरलं तर ४५ लिटर वाया, शंभर फ्लॅटच्या सोसायटीत साडेचार हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरचा जवळपास अर्धा. ज्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकरला पैसे मोजतात त्यांनी हा हिशोब एकदा मीटिंगमध्ये मांडावा. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने जिथे टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओ वापरू देऊ नये असं सरकारला सांगितलं होतं ते याच वाया जाणाऱ्या पाण्यामुळे आणि गरजेचे क्षार निघून जातात म्हणून.

सॉफ्टनर: बाथरूम, गिझर, वॉशिंग मशीनसाठी. जडपणा काढून त्या जागी सोडियम देतो, जंतू मारत नाही. त्याला फिल्टर समजून त्याचं पाणी पिऊ नका.

७. मग तुमच्यासाठी कुठला?

पाणी फक्त धरणाचं आणि वर्षभर टीडीएस दोनतीनशेच्या आत: आरओ घेऊ नका. सेडिमेंट, कार्बन आणि यूव्ही, सोबत यूएफ असेल तर उत्तम. पैसे वाचतील आणि पाणीही.

वीज सारखी जाते किंवा भाड्याच्या घरात फार गुंतवायचं नाही: वरून पाणी ओतायचा यूएफचा किंवा क्लोरीनच्या कार्ट्रिजचा फिल्टर. तोही नसेल तर खळखळून उकळी आणून एक मिनिट उकळायचं आणि झाकून ठेवायचं. आपल्या आज्या हेच करायच्या आणि जंतूंसाठी ते आजही पुरेसं आहे.

बोअर किंवा टँकरचं पाणी, टीडीएस ५०० ते १००० च्या मध्ये: इथे रिपोर्ट बघूनच ठरवा. नायट्रेट, फ्लोराइड मर्यादेत असेल आणि चव चालत असेल तर यूव्ही प्लस यूएफ पुरतं. नसेल तर आरओ.

टीडीएस हजाराच्या वर, किंवा नायट्रेट, फ्लोराइड जास्त: आरओच. जास्त पाणी वाचवणारं मॉडेल मागा.

मिक्स पाणी, म्हणजे पुण्यातल्या बऱ्याच नवीन सोसायट्या: वही उघडा. वर्षातले दोन महिने टँकर आणि दहा महिने धरणाचं पाणी असेल तर दोन महिन्यांसाठी बारा महिने पाणी नाल्यात सोडायची गरज नसते, सोसायटीला सांगून पिण्याच्या लाइनला फक्त महापालिकेचंच पाणी ठेवता येतं का बघा. बऱ्याच ठिकाणी एक व्हॉल्व आणि एक वेगळी टाकी एवढ्यावर हे काम होतं.

८. विकत घेताना

घरी येऊन "फ्री टेस्टिंग" करणारा माणूस दोन ग्लासात दोनदोन सळ्या बुडवून वीज सोडतो, तुमच्या नळाच्या पाण्यात हिरवट तपकिरी गाळ तयार होतो आणि त्याच्या आरओच्या पाण्यात काहीच नाही. आई-बाबांच्या वयाची माणसं हे बघून हादरतात आणि तिथेच चेक फाडतात. तो गाळ लोखंडाच्या सळीचा आहे, पाण्यातला नाही. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि सळी झिजते, आरओच्या पाण्यात क्षार नसल्यामुळे वीज जवळजवळ वाहत नाही. त्याच्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि परत सळ्या बुडवायला सांगा, तिथेही तोच चिखल होईल.

टीडीएस कंट्रोलर हा दुसरा मुद्दा. आरओमधून आलेल्या पाण्यात आरओ न केलेलं थोडं पाणी परत मिसळून चव आणतात. नुसते क्षार जास्त असतील तर ठीक, पण नायट्रेट किंवा फ्लोराइडसाठी आरओ घेतलं असेल तर तेच परत आत येतंय. तेव्हा कंट्रोलर पूर्ण बंद ठेवायला सांगा.

सात स्टेज, नऊ स्टेज याला भुलू नका, कुठली स्टेज काय काढते ते विचारा. कॉपर, झिंक, अल्कलाइनसाठी जादा पैसे मोजायच्या आधी तेवढ्याच पैशात दोन वर्षांच्या कँडल येतात हे लक्षात घ्या. एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) घेताना मेंब्रेन, यूव्हीचा दिवा आणि पंप धरलेत का ते कागदावर लिहून घ्या, "सगळं इन्क्लूड आहे मॅडम" याला अर्थ नाही.

जपून ठेवायचे कागद: बिल, वॉरंटी कार्ड सिरीयल नंबरसकट, बसवल्याची तारीख, एएमसीची पावती, आणि प्रत्येक वेळी बदललेल्या पार्टचं जॉबशीट.

आणि कोपऱ्यावरच्या प्लँटमधून वीस लिटरचा थंडगार जार आणत असाल तर तो आपोआप सुरक्षित समजू नका. जीबीएसच्या वेळी महापालिकेने त्या भागातले कितीतरी खाजगी आरओ प्लँट पाणी पिण्यालायक नाही म्हणून बंद केले होते.

९. बसवल्यावर

पहिल्या दिवशी फिल्टरच्या एकदोन टाक्या भरतील एवढं पाणी सोडून द्या. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस मोजून फिल्टरच्या अंगावर तारखेसकट लिहा. आरओमध्ये बाहेरचा आकडा चढत गेला की मेंब्रेन थकलं, सर्व्हिसवाल्याच्या सांगण्यावर जायची गरज नाही. सेडिमेंट कँडल पिवळी तपकिरी झाली की बदला, पावसाळ्यात लवकर होते. यूव्हीचा दिवा जळत असला तरी वर्षभरात बदला, त्याची ताकद कमी झालेली डोळ्यांना दिसत नाही. कँडल बदलायला माणूस आला की समोर उभं राहा, नवीन पार्टचं सील तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि जुना पार्ट त्याच्याबरोबर न देता कापून टाका.

गावाला जाऊन आठवड्याने आलात तर फिल्टरच्या टाकीतलं सगळं पाणी ओतून द्या, त्यात क्लोरीन नसतो. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत घ्या, लादी पुसायला, टॉयलेटला चालतं, फार खारट असेल तर झाडांना नको.

फिल्टरचं पाणी फक्त पिण्यापुरतं ठेवू नका. कोशिंबीर, कोथिंबीर धुणं, चटणी, ताक, बर्फ, बाळाच्या बाटल्या, सगळं त्याच पाण्यात. साथ चालू असेल तर दात घासायलासुद्धा.

१०. पाण्यात गडबड वाटली तर

पाण्याला वास, अचानक गढूळपणा, किंवा बिल्डिंगमध्ये दोनतीन घरात एकदम जुलाब, उलट्या, कावीळ. अशा वेळी फिल्टर असला तरी पाणी उकळूनच प्या. मेडिक्लोरची (पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या औषधाची) बाटली घरात असू द्या, बाटलीवर लिहिलंय तेवढेच थेंब आणि अर्धा तास थांबायचं. घरात गरोदर बाई असेल तर काविळीच्या साथीत जास्त जपा, पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणात जिवावर बेतू शकते. हातापायाला मुंग्या, चालताना पाय लटपटणं, जिना चढता न येणं असं जुलाबानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत वाटलं तर तो जीबीएस असू शकतो, एक दिवसही थांबू नका, मोठ्या हॉस्पिटलला जा.

मग महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या पाणीपुरवठा विभागात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तक्रारीत लिहा: किती घरं, कुठल्या तारखेपासून, पाणी किती वाजता येतं, ओटी टेस्टमध्ये रंग आला का, रस्त्यावर कुठे खोदकाम चालू आहे का. खोदकामाचं जरूर लिहा, पाइप फुटायचं कारण बऱ्याचदा तेच असतं आणि त्यांना शोधायला जागा मिळते. पाण्याचा नमुना त्यांनी घ्यायच्या आत टाकी रिकामी करू नका, नाहीतर तपासायला काही उरत नाही. नमुना गेला की टाकी उपसा, धुवा, आणि नवीन रिपोर्ट हातात येईपर्यंत उकळणं चालू ठेवा.